पंखा मोठा, फेरे कमी

संगणक जोडून देणाऱ्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "जास्त पंखे लावलेत तर आवाज होणारच." माझ्या भाच्याला गोष्टींचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी नवा डेस्कटॉप हवा होता. जुन्या कॅबिनेटची घरघर दोन वाक्यांमधल्या प्रत्येक विरामात उमटत असल्यामुळे नवा संगणक शांत असावा, एवढीच त्याची अट होती. दुकानदाराने ती ऐकून प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, थंड ठेवणारा ८० मिलिमीटरचा एकच पंखा असलेला छोटा कूलर पुढे केला. त्याचा हेतू चांगला होता. भौतिकशास्त्र मात्र नेमके उलट सांगते.

विदर्भात कूलर म्हटले की खिडकीतला वाळ्याचा कूलर डोळ्यांपुढे येतो. प्रोसेसरच्या कूलरला त्याचा दूरचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही, कारण दोन्हींत पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. हवा काढून टाकलेल्या तांब्याच्या नळीत, म्हणजे हीट पाइपमध्ये, थोडेसे पाणी बंद केलेले असते. आतला दाब अतिशय कमी असल्यामुळे ते कोमट असतानाच उकळते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि समईच्या वातीत तेल चढावे तसे नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला या तापमानाला सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. त्यामुळे प्रोसेसरची ६५ वॉट उष्णता वाहून नेण्यासाठी सेकंदाला २७ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा थेंब पाणी पुरते. इथपर्यंतचे सगळे काम मुकाट्यानेच चालते.

आवाज होतो तो शेवटच्या टप्प्यात, पत्र्यांमधून हवा ढकलताना. हवेची गरजही फार नाही : ६५ वॉट उष्णता घेऊन हवा १० अंशांनी तापू द्यायची असेल, तर सेकंदाला साधारण साडेपाच लिटर हवा पुरते. प्रश्न एवढाच, की ही हवा लहान पंख्याने वेगात ढकलायची की मोठ्या पंख्याने सावकाश?

पंख्याचे पाते हवेला ढकलते, तेव्हा हवाही पात्याला उलट ढकलते. हे बल अगदी स्थिर असते तर आवाज जवळजवळ झालाच नसता. पण पात्यापाशी येणारी हवा खळबळलेली असते, त्यामुळे बल सतत थरथरते आणि ही थरथर ध्वनी होऊन बाहेर पडते. आता हिशेब पाहू. बल पात्याच्या टोकाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ते किती भराभर थरथरते, हेही वेगाच्याच प्रमाणात ठरते. म्हणजे बलबदलाचा दर वेगाच्या घनाच्या प्रमाणात झाला. ध्वनीची शक्ती या दराच्या वर्गावर अवलंबून असते, आणि घनाचा वर्ग म्हणजे सहावा घात. प्रत्यक्ष मोजमापांत हा घात पाच आणि सहाच्या दरम्यान सापडतो आणि पंख्यांच्या व्यवहारात तो पाच धरतात. याचा अर्थ असा, की पंखा तोच ठेवून फेरे निम्मे केले तर ध्वनिशक्ती ३२ पटींनी, म्हणजे १५ डेसिबलने उतरते. त्याच्या जोडीला तसाच दुसरा पंखा लावला तर ३ डेसिबलची भर पडते. एकूण हवा जवळपास पूर्वीइतकीच मिळते आणि तरी १२ डेसिबलचा फायदा होतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले तर दुकानदाराचे वाक्य कुठे चुकते ते कळेल.

पंख्याचा आकार बदलला तर गंमत आणखी वाढते. हवेचा प्रवाह फेरे गुणिले व्यासाचा घन याच्या प्रमाणात असतो, आणि ध्वनिशक्ती फेऱ्यांच्या पाचव्या व व्यासाच्या सातव्या घाताच्या प्रमाणात. प्रवाह कायम ठेवायचा असेल तर फेरे व्यासाच्या घनाने भागावे लागतात. त्यांचा पाचवा घात घेतला की छेदात पंधरावा घात येतो, अंशातला सातवा त्यातून वजा होतो आणि उरतो आठवा. तेवढ्याच हवेसाठी होणारा आवाज व्यासाच्या आठव्या घाताने कमी होतो! ८० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेऊन जेवढी हवा देतो, तेवढी १२० मिलिमीटरचा पंखा सुमारे ८९० फेऱ्यांत देतो, आणि ध्वनिशक्ती २५ पटींनी उतरते, म्हणजे १४ डेसिबलचा फरक पडतो. हे गणित वाचकाने सोडून दिले तरी चालेल, पण मला ते दर वेळी नव्याने सुखावते.

अर्थात इथे एक अडचण आहे. पंख्याचा दाब टोकाच्या वेगाच्या वर्गाने घटतो, त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या मोठ्या पंख्याचा दाब लहान पंख्याच्या पाचव्या हिश्शावर येतो. दाट पत्र्यांच्या फटींतून एवढ्या कमी दाबाची हवा नीट शिरतच नाही. म्हणून शांत कूलर निवडताना विरळ पत्र्यांचा आणि उंच असा घ्यावा, पण त्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजावी, कारण यातले बरेचसे दीडशे मिलिमीटरहून उंच असतात.

पंखा हातात घेऊन मागून पाहिला तर मोटर तोलून धरणाऱ्या, बहुधा चार, काड्या दिसतात. त्यांतल्या एकीवरून तारा गेलेल्या असतात. पाती बहुधा सात किंवा नऊ असतात. चाराने नि:शेष भाग न जाणारा हा आकडा जाणूनबुजून निवडलेला असतो, कारण सगळी पाती एकाच क्षणी काड्यांसमोरून गेली तर ठसठशीत गुंजन उठते. चालू पंख्याच्या हवा ओढणाऱ्या बाजूसमोर, बोटे जपून, तळहात आणून पाहा : पंखा लगेच गुरगुरू लागतो. पंख्याला चिकटून बसवलेली भोकांची जाळीही तेच करते. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने २०१८ साली आणलेल्या १२० मिलिमीटरच्या पंख्यात पाते आणि चौकट यांमधली फट अवघी अर्धा मिलिमीटर आहे. एवढ्या फटीत साधे प्लास्टिक फिरून फिरून ताणले गेले असते आणि चौकटीला घासले असते, म्हणून ती पाती वेगळ्या, ताठ पदार्थाची केली आहेत.

खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही. किती अंतरावरून मोजले ते लिहिलेले नसेल तर तो आकडा निरर्थक आहे, कारण अंतर दुप्पट केले की ६ डेसिबल आपोआप कमी होतात. पाण्याचा कूलर म्हणजे शांतता, हाही असाच समज आहे. त्यातही पंखे असतात, शिवाय पंपाची कुरकुर वेगळी. वास्तुतज्ज्ञ संगणक आग्नेयेला ठेवायला सांगतात. तो आग्नेयेला ठेवा की वायव्येला, मागच्या झरोक्यापासून भिंत वीतभर लांब असली म्हणजे झाले.

भाच्यासाठी शेवटी १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उंच कूलर घेतला, आणि प्रोसेसर ६५ अंशांवर जाईपर्यंत पंख्याने ८०० फेऱ्यांपुढे जाऊ नये, असे बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ठरवून दिले. एकसुरी आवाज कान विसरतो. सतत चढणारा-उतरणारा विसरत नाही. आता ध्वनिमुद्रणात ऐकू येतो तो छताचा पंखा. तो संथ वाटतो खरा, पण १,२०० मिलिमीटर व्यासाचा असल्यामुळे मिनिटाला ३५० फेऱ्यांतही त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला २२ मीटर धावते, तर कूलरच्या पंख्याचे टोक जेमतेम पाच मीटर. मुद्रणापुरता तो बंद करावा लागतो.