ताकद वाढवलेल्या इंजिनात बेअरिंग का जातं?

जुन्या टोयोटा सुप्रा या स्पोर्ट्स कारचं टू-जेझेड-जीटीई हे तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. मोठा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बसवून लोक कंपनीच्याच क्रँकवर (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) त्यातून दुप्पट ताकद काढतात. पिस्टनचा व्यास ८६ मिलिमीटर. ज्वलनाचा दाब १०० बार धरला तर पिस्टनवर जवळपास सहा टन भार येतो. तो कनेक्टिंग रॉडमधून ५२ मिलिमीटरच्या क्रँकपिनवर, म्हणजे रॉड जिथे क्रँकला जोडला जातो त्या गोल भागावर, उतरतो. मध्ये असतात बेअरिंगची दोन शेल (अर्धगोल पातळ पत्रे) आणि मायक्रॉनमध्ये मोजावा लागणारा तेलाचा थर.

हा थर ऑइल पंप तयार करत नाही. पंप फक्त तेल पोचवतो. फिरणारी पिन ते तेल ओढत अरुंद फटीत नेते आणि तिथे पंपाच्या कितीतरी पट दाब उभा राहतो. ब्यूशँप टॉवर यांना १८८३ साली रेल्वेच्या बेअरिंगवरच्या प्रयोगात हा दाब सापडला. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्याचं गणित मांडलं. पिनचा वेग आणि तेलाचा दाटपणा थराला जाडी देतात, भार ती कमी करतो.

त्यामुळे वरच्या गिअरमध्ये, खालच्या आरपीएमला (मिनिटाला फेरे) पूर्ण बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) देणं फार घातक. पिन हळू फिरत असते आणि भार पूर्ण असतो. जास्त आरपीएमला वर जाणाऱ्या पिस्टनचं जडत्व ज्वलनाचा भार थोडा हलका करतं. इथे तीही मदत नसते. ट्यूनिंग करताना खालच्या आरपीएमचा बूस्ट आवरावा, हे आमचं ठाम मत.

इंजिन उघडलं की शेल नीट वाचावीत. रॉडच्या बाजूचं वरचं शेल घासलं असेल तर आधी डिटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट) आणि इग्निशन टायमिंग तपासा. कॅपमधलं (रॉडच्या खालच्या, बोल्टने आवळलेल्या अर्ध्या भागातलं) शेल घासलं असेल तर दोष बहुधा आरपीएमचा: जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, ७,००० वरून ८,५०० ला गेलात तर तो ४७ टक्के जास्त. क्रँक ज्यावर इंजिनात टेकतो त्या मेन बेअरिंगमध्ये मात्र ज्वलनाचा भार कॅपकडचं शेल घेतं. गोलाकार बारीक ओरखडे म्हणजे तेलातला कचरा. वरचा मऊ थर पुसून तांबूस रंग दिसला आणि पिन निळी पडली असेल, तर तेलच पोचलं नाही. ट्रॅकवर लांब वळणात तेल चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) एका बाजूला जातं आणि पिकअप, म्हणजे पंपाची शोषनळी, हवा ओढतो. बॅफल (तेल अडवणारे पडदे) लावलेला चेंबर त्यासाठीच असतो.

क्लिअरन्सचा (पिन आणि शेलमधल्या फटीचा) जुना ठोकताळा: पिनच्या व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे ५२ मिलिमीटरला सुमारे ०.०५ मिलिमीटर. जास्त ताकदीच्या इंजिनात ०.०१ मिलिमीटरच्या आसपास वाढवतात, कारण भाराखाली रॉडचं भोक ताणलं जातं आणि जास्त तेल वाहिलं की उष्णताही जास्त निघते. पण मग तेलही दाट हवं. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचं तेल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक) असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. ऑइल प्रेशर दर १,००० आरपीएमला साधारण १० पीएसआय, तेही तेल गरम असताना. मिश्रण फार रिच (पेट्रोल जास्त) असेल तर पेट्रोल तेलात उतरतं आणि दाटपणा घटतो. अशा गाडीचं तेल लवकर बदला.

मोजताना शेल बसवून कॅपचे बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळा. पिन मायक्रोमीटरने मोजा, त्याच मापावर बोअर गेज (भोकाचा व्यास मोजणारं यंत्र) शून्य करा आणि दोन शेलच्या जोडरेषेच्या ९० अंशांत मोजा. शेल जोडाजवळ मुद्दाम पातळ असतात. प्लास्टिगेज (चेपून फट मोजायचा प्लास्टिकचा धागा) पडताळणीपुरतं ठीक. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधली तेलाची भोकं ब्रशने धुवा, तिथे अडकलेला कीस नवी शेल पहिल्याच तासात खातो. पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून, प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर फिरवा.

खटखट ऐकू येते तोवर पिनही गेलेली असते. त्याआधीची खूण तेलातच मिळते: दर बदलाला फिल्टर कापून घड्या उलगडा, त्यात धातूचे कण शोधा आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. झिजणाऱ्या शेलप्रमाणे नवीन ऑइल कूलरमधूनही तांबं तेलात येतं, म्हणून एकट्या तांब्यावरून निष्कर्ष काढू नये. शिसं असलेली शेल वापरली असतील तर शिशाचा आकडा बघावा. तो सलग दोन नमुन्यांत चढला, तर चेंबर उतरवून शेल बदलण्याइतका वेळ अजून हातात असतो.