कुकाबुराचं कुटुंब

खंड्या म्हटलं की नदीकाठ आठवतो. पण या पक्ष्यांतल्या कितीतरी जातींचं माशांवाचून काही अडत नाही. आपल्याकडचा पांढऱ्या गळ्याचा खंड्याही पाण्यापासून लांब, विजेच्या तारेवर बसून नाकतोडे आणि सरडे टिपतो. त्याच्याच उपकुळातला कुकाबुरा हा पूर्व ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या रानांचा रहिवासी. लांबी ४० ते ४५ सेंटिमीटर, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या खंड्यांपैकी एक.

फांदीवर तो तासन्‌तास निश्चल बसतो, जमिनीवर काही हललं की झेपावतो. किडे, सरडे, उंदीर, अगदी सापसुद्धा. मोठी शिकार चोचीत धरून तो फांदीवर आपटत राहतो, हाडं मोडून ती गिळण्याजोगी होईपर्यंत.

त्याचं ते प्रसिद्ध हसू, म्हणजे माणसाच्या हसण्यासारखी त्याची हाळी, ही हद्दीची घोषणा असते. पहाटे एक जण खालच्या सुरात सुरुवात करतो, मग सगळं कुटुंब माना मागे टाकून त्यात सूर मिसळतं. शेजारचं कुटुंब लगेच उत्तर देतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे कुटुंबच. नर-मादीची जोडी बहुधा आयुष्यभर टिकते. आधीच्या वर्षांची पिल्लं मोठी झाली तरी आईबापांपाशी राहतात, अंडी उबवायला बसतात, धाकट्या भावंडांना भरवतात. इतका जिव्हाळा असलेल्या याच घरात, ढोलीच्या अंधारात, भावंडं एकमेकांचा जीवही घेतात. नुकत्याच जन्मलेल्या, डोळेही न उघडलेल्या पिल्लांच्या वरच्या चोचीला टोकाशी आकडी असते. थोरली पिल्लं तिने धाकट्यावर हल्ला करतात. अन्न कमी पडलं तर शेवटचं पिल्लू बहुतेकदा मरतं. पुढे ती आकडी नाहीशी होते.

घरट्यासाठी त्याला झाडाची ढोली लागते, नाहीतर झाडावरचं वाळवीचं वारूळ, जे तो चोचीने कोरतो. निलगिरीच्या खोडात मोठी ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षंही लागू शकतात. म्हणून एक म्हातारं झाड तोडून दहा रोपं लावली, तरी कुकाबुराची भरपाई होत नाही. त्याच्याकडे एवढा वेळ नसतो.

माणसांनी त्याला पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातही नेऊन सोडलं. तिथे तो परका आहे. स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्यांवर तो हक्क सांगतो आणि त्यांची पिल्लंही खातो.