घड्याळाला पाळणा कशाला?

भाच्याला लग्नात सासरहून ऑटोमॅटिक घड्याळ मिळालं. परवा विचारत होता, "मामा, वाइंडर कुठला घेऊ?" वाइंडर म्हणजे एक छोटी पेटी. आत मोटर, मोटरवर उशी, उशीवर घड्याळ. पेटी घड्याळाला थोड्या थोड्या वेळाने गोल फिरवत राहते, म्हणजे हातात नसतानाही ते बंद पडत नाही. त्याने पसंत केलेली पेटी घड्याळाच्या जवळजवळ निम्म्या किमतीची होती, आणि जाहिरात सांगत होती की बंद घड्याळातलं तेल गोठतं, घड्याळाचं आयुष्य घटतं. "घेऊ नकोस" एवढं सांगून मी मोकळा झालो असतो, पण मग बॅरलबद्दल, म्हणजे घड्याळातल्या स्प्रिंगच्या डबीबद्दल, बोलायला मिळालं नसतं.

आमच्या वडिलांच्या एचएमटीला रोज सकाळी चावी द्यावी लागे. १९६१ पासून बंगळूरच्या कारखान्यात, जपानच्या सिटिझनच्या मदतीने, ही घड्याळं बनू लागली आणि निम्म्या महाराष्ट्राच्या मनगटावर बसली. चावी देताना शेवटी बोटांना एकदम अडल्यासारखं व्हायचं. तिथे थांबायचं. "आणखी पिळू नकोस, स्प्रिंग तुटेल" हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की आजही ते खरं वाटतं. मग ऑटोमॅटिक घड्याळाचं काय? त्याला तर हात हलला की चावी बसते. दिवसभर बसत राहते. त्याची स्प्रिंग का तुटत नाही?

घड्याळ मागून पाहिलं तर अर्ध्या चकतीसारखं एक वजन दिसतं, तो रोटर. मनगट हललं की तो गुरुत्वाकर्षणाने खाली यायला बघतो आणि फिरतो. मधल्या दातेरी चाकांमुळे रोटर शंभराहून जास्त वेळा फिरतो तेव्हा स्प्रिंगला कुठे एक वेढा बसतो. ही मेनस्प्रिंग म्हणजे धातूची पातळ पट्टी, जाडीला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि ती बॅरल नावाच्या चपट्या, दातेरी काठाच्या डबीत गुंडाळलेली असते. आतलं टोक मधल्या दांड्याला अडकवलेलं. चावीच्या घड्याळात बाहेरचं टोकही डबीच्या भिंतीला अडकवलेलं असतं, म्हणून शेवटी बोटं अडतात.

ऑटोमॅटिकमध्ये बाहेरचं टोक कशालाच अडकवलेलं नसतं! त्याला उलट दिशेने वाकवलेला एक जाड, ताठ तुकडा जोडलेला असतो, आणि तो आतून भिंतीला नुसता रेटून धरतो. सगळा कारभार घर्षणावर. स्प्रिंग भरत जाते तसा तिचा ओढा वाढतो आणि एका क्षणी तो घर्षणाला भारी पडतो. मग तुकडा भिंतीवरून थोडा सरकतो, ताण सैल होतो, पुन्हा पकड बसते. मोकळा बॅरल हातात घेऊन दांडा पिळला, तर हे सरकणं बोटांना हलक्या झटक्यासारखं कळतं.

आता गंमत बघा. भिंतीला जे ग्रीस लावतात ते सरकवण्यासाठी नाही, धरून ठेवण्यासाठी. घड्याळजी त्याला ब्रेकिंग ग्रीसच म्हणतात. पकड ढिली पडली तर स्प्रिंग पूर्ण भरण्याआधीच सरकते आणि चाळीस तास चालणारं घड्याळ पंचवीस तासांत मान टाकतं. पकड फार घट्ट असेल तर ताण नको तितका चढतो. त्याने बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची गती ठरवणाऱ्या चाकाचा, झोका वाढतो. तो एरवी एका बाजूला २७० ते ३१० अंशांच्या आसपास असतो. तो त्यापलीकडे फार गेला, तर चाकाची छोटी पिन पूर्ण फेरी मारून पॅलेट फोर्कला (प्रत्येक झोक्याला चाकांचा एकेक दात सोडणाऱ्या काट्याला) मागच्या बाजूने धडकते आणि घड्याळ पिसाटल्यासारखं पुढे पळतं. हे सगळं गणित त्या एका तुकड्याच्या वाकावर आणि चिमूटभर ग्रीसवर उभं असतं.

ही सरकती स्प्रिंग ऑटोमॅटिक घड्याळासाठी शोधलेलीच नव्हती. पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीतल्या आद्रियाँ फिलिपने १८६३ मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते एकाच वेळी दोन बॅरलना चावी देता यावी म्हणून. एक आधी भरलं तर ते सरकत राहील आणि दुसरं भरेल. इंग्लिश घड्याळजी जॉन हारवूडला मनगटी ऑटोमॅटिकचं पेटंट मिळालं ते १९२४ मध्ये.

तर वाइंडर काय करतो? स्प्रिंग भरलेली असतानाही आणखी भरत राहतो, आणि तो तुकडा भिंतीवर घासत राहतो. त्याने घड्याळ लगेच बिघडत नाही, सरकण्यासाठीच तर ते बनवलंय. पण "आयुष्य वाढतं" म्हणणं म्हणजे कमालच. ताशी २८,८०० ठोके देणारं घड्याळ वर्षभर चालू राहिलं तर २५ कोटींहून जास्त ठोके देतं. कपाटात बंद पडलेलं घड्याळ एकही देत नाही. झीज कुणाची होईल?

ऊर्जेचा हिशोब तर आणखी मजेशीर आहे. चाळीस तास चालणाऱ्या साध्या घड्याळाच्या भरलेल्या स्प्रिंगमध्ये एक ज्यूलसुद्धा ऊर्जा नसते. शंभर ग्रॅमचं सफरचंद मीटरभर उचलायला लागते त्याहून कमी. एक वॉटची मोटर तेवढी एका सेकंदात खाते.

तेल गोठण्याची गोष्ट एके काळी खरी होती. तेव्हा घड्याळात प्राण्यांच्या चरबीपासून काढलेली तेलं वापरत आणि ती कालांतराने चिकट होत. आजची कृत्रिम तेलं तशी घट्ट होत नाहीत. तीही म्हातारी होतात, पण वयाने, आणि घड्याळ फिरतंय की पडून आहे याची ती फारशी फिकीर करत नाहीत. काही वर्षांनी सर्व्हिसिंग करावंच लागतं, पेटी असो वा नसो.

बहिणीची हरकत वेगळीच होती. बंद घड्याळ घरात ठेवू नये, अशुभ असतं म्हणे. स्प्रिंग उतरली म्हणून थांबलेल्या चाकांना घरातल्या माणसांचं नशीब कुठून कळणार, असं मी विचारलं. त्यावर चहा आला, उत्तर नाही. स्वस्त पेटीची खरी भीती निराळी आहे. मोटरला नीट आवरण नसेल तर तिच्या चुंबकामुळे हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटू शकतात, मग घड्याळ दिवसाला कितीतरी मिनिटं पुढे जातं. घड्याळजीकडे चुंबकत्व काढायचं यंत्र असतं, काम दोन मिनिटांचं, पण आधी दुखणं ओळखता यायला हवं.

पेटी कुणाला हवी? पर्पेच्युअल कॅलेंडरवाल्यांना, म्हणजे महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष स्वतःच सांभाळणारं घड्याळ ज्यांच्याकडे आहे त्यांना. घड्याळजी कुर्ट क्लाउसने आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीसाठी घडवलेलं १९८५ चं दा विंची घ्या. तारीख, वार, महिना, चंद्रकला, चार आकडी वर्ष, सगळं एका चावीने पुढे सरकतं, मागे येत नाही. असं घड्याळ तीन आठवडे बंद पडलं तर एकेक दिवस पुढे ढकलत बसायचं, आणि चुकून एक दिवस जास्त झाला तर तो दिवस उजाडेपर्यंत थांबायचं. तिथे पेटी घेणं शहाणपणाचं. बोटं आखडल्यामुळे ज्यांना बारीक चावी ओढता येत नाही, त्यांनीही खुशाल घ्यावी.

भाच्याच्या घड्याळात फक्त तारीख आहे. बंद पडलं की वीस-तीस वेढे चावी द्यायची. मग चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवायचे. तारीख जिथे पालटेल ती मध्यरात्र. तिथून सकाळच्या सहापर्यंत आणायचे आणि मगच तारीख लावायची. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, तेव्हा ती जबरदस्तीने बदलली तर दाते तुटू शकतात. शेवटी वेळ लावायची. मी दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतः केलं, सेकंदकाटा थांबवून, मोबाइलवरचं मिनिट पालटायची वाट बघत. आधीचं सगळं मिनिटभरात झालं होतं, वेळ गेला तो त्या वाट बघण्यात.