निळा रंग गेला : स्टार्च पचले की आयोडीन संपले?

विदर्भातील खेड्यांतल्या शाळांना सहज करता येईल असा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो: भाजीच्या रसाने लाळेतील अमायलेज या विकराचे (एन्झाइमचे) काम वाढते की मंदावते, हे तपासण्याचा. तांदळाची पेज, लाळ, टिंक्चर आयोडीन आणि परसातली भाजी एवढे त्याला पुरते. परंतु त्याचा सारा निष्कर्ष पेजेतील स्टार्चला आयोडीनने येणारा निळा रंग जाण्यावर बेतलेला असतो आणि तो रंग दोन अगदी वेगळ्या कारणांनी जातो.

स्टार्चमधील अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. तिच्या पोकळीत आयोडीन बसले की निळा-काळा रंग येतो. अमायलेजने साखळीचे लहान तुकडे केले की आयोडीनला ती जागा उरत नाही, म्हणून निळा रंग काही मिनिटांत हळूहळू जातो आणि आयोडीनची पिवळसर छटा मागे राहते.

दुसऱ्या प्रकारात साखळीला धक्काही लागलेला नसतो. हिरवी मिरची, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि शेवग्याचा पाला यांत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते. मिरचीच्याच जातीच्या पॅप्रिकापासून ते मोठ्या प्रमाणात वेगळे करणारे हंगेरियन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे जीवनसत्त्व आयोडीनचे रंगहीन आयोडाइड करते आणि रस पडताक्षणी निळा रंग उडतो. विकराला रोखणाऱ्या रसालाच त्यामुळे ‘पचन वाढवणारा’ ठरवले जाते, आणि ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

निवाडा सोपा आहे. रंग गेलेल्या नळीत आयोडीनचे आणखी काही थेंब टाकावेत. निळा रंग परतला तर स्टार्च शिल्लक आहे, नुसता पिवळसर राहिला तर ते पचले आहे. शिवाय तुलनेसाठी एका नळीत उकळून थंड केलेली (म्हणजे विकर निकामी झालेली) लाळ व रस, तर दुसऱ्या नळीत ताजी लाळ व रसाऐवजी पाणी घ्यावे. साखर ओळखणाऱ्या बेनेडिक्ट चाचणीवरही विसंबू नये, कारण ‘क’ जीवनसत्त्व आणि रसातली मूळची साखर तिलाही फसवतात.

अंबाडीचा रस उलट बाजूने चकवतो. तिच्या आंबटपणामुळेच अमायलेज मंदावते, कारण त्याचे काम उदासीन द्रावणात उत्तम चालते. म्हणून लिटमसने तपासत, खाण्याचा सोडा घालून रसाचा आंबटपणा आधी मोडावा आणि तेवढाच सोडा पाण्याच्या नळीतही घालावा. त्यानंतरही रसाच्या नळीत निळा रंग अधिक वेळ टिकला, तरच त्यातील एखादे संयुग विकराला रोखत असावे असे म्हणता येते.