आदी ही थांबती का बघ

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात मित्रानं रेस ट्रॅकवर पळवायला नवी घेतलेली जुनी गाडी जॅकवर चढवली होती. 2001 ची होंडा सिटी, एमएच 09 पासिंग, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, 106 हॉर्सपॉवर. मित्र एक्झॉस्ट कुठला बसवायचा ते सांगत होता. मेस्त्रींचं लक्ष नव्हतं. त्यांनी पुढचं चाक काढलं, ब्रेकच्या डिस्कवर नख फिरवलं आणि म्हणाले, "भावा, हॉर्सपॉवरचं मागनं बघू. आदी ही थांबती का बघ."

हुपरीजवळ मोहित्यांचा ट्रॅक झाल्यापासून गो-कार्टवर, म्हणजे रेसच्या छोट्या उघड्या गाडीवर, हात बसलेली पोरं आपल्याकडं पुष्कळ आहेत. कार्ट झाली की कार हवीशी वाटते, आणि नव्या स्पोर्ट्स कारची किंमत ऐकली की सेकंड हँड बाजार आठवतो. त्यात वाईट काही नाही. रेसर एस. करिवर्धन यांनी तर मारुती 800 चं इंजिन घालून 'फॉर्म्युला मारुती' ही रेसची गाडी उभी केली होती. कोइमतूरचा 2.1 किलोमीटरचा रेस ट्रॅक, कारी स्पीडवे, त्यांच्याच नावाचा.

ट्रॅकसाठी जुनी गाडी घेताना रंग, सीट, म्युझिक सिस्टीम बघण्यात वेळ घालवू नये. ते सगळं नाहीतरी काढूनच टाकायचं असतं. बघायची ती बॉडी. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे सस्पेन्शनचे टॉवर, म्हणजे शॉक अब्सॉर्बरचं वरचं टोक बसतं त्या जागा, बघा; तिथं गंज किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर गाडी सोडून द्या. कंपनीचे स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर गोल ठिपक्यांसारखे असतात. एका बाजूला ते गायब असतील तर गाडी कुठंतरी ठोकलेली आहे. खाली सुतळी धरून सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजा. ते जुळले नाहीत तर कितीही अलाइनमेंट केली तरी गाडी एका वळणाला बरी आणि दुसऱ्याला वाकडी जाणार. इंजिन दुसरं मिळतं, सरळ बॉडी मिळत नाही.

आता मेस्त्रींच्या नखाकडे येऊ. चालकासकट 1100 किलोची गाडी ताशी 120 वरून 60 वर आणली, तर सुमारे 460 किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी जावी लागते. तेवढ्यात दीड लिटर पाणी उकळीला येतं, आणि इथं हे सगळं दोन-अडीच सेकंदांत होतं. ब्रेक मारताना वजन पुढं झुकतं, त्यामुळं यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. पाच किलोची डिस्क एका दमात साधारण 70 अंशांनी तापते. घाटात पुढचं वळण येईपर्यंत तिला थोडी उसंत मिळते. ट्रॅकवर ती निवायच्या आत पुन्हा ब्रेक.

डिस्क बिडाची असते, म्हणजे ग्रे कास्ट आयर्नची. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे सांगायला नको. या बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झटकन वाहून नेतात आणि थरथर गिळतात. पोलाद याहून मजबूत, पण डिस्कसाठी हे 'कमजोर' बीडच कामाचं. मात्र वारंवार तापून-निवून त्यावर केसासारख्या चिरा पडतात. मेस्त्रींच्या नखाला त्याच लागत होत्या. मित्र म्हणाला, "एवढ्यानं काय हुतंय!"

डिस्क बदलली. ब्रेक ऑइल मात्र राहिलं, आणि ती चूक माझी. बाटलीतलं ऑइल स्वच्छ दिसलं म्हणून मीच "असू दे" म्हणालो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, ते डोळ्यांना दिसत नाही. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हद्द 155 वर येते. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी नेली तेव्हा चौथ्या फेरीत मित्राचा पाय पेडलसकट थेट खाली गेला. पेडल दोन-तीनदा पंप करून तो कसाबसा मातीत उतरला. गाडीला खरचटलं नाही, पण बाहेर आल्यावर तो बराच वेळ माझ्याशी बोलला नाही.

परत आल्यावर सगळं ऑइल काढून नवं भरलं, चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, पुढचे पॅड जास्त तापमान सोसणारे घेतले. मग ऑइल संपची, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याची पाळी. गंगावेशीत म्हशीचं दूध आणणाऱ्याची किटली वळणावर कशी हिंदकळते ते आठवा. लांब वळणावर आडवा जोर वजनाएवढा झाला तर संपमधलं ऑइल 45 अंशांत तिरकं होतं, पंपाची नळी हवा ओढते आणि बेअरिंग कोरडी पडतात. उपाय साधा: संपमध्ये पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करायचे. उद्यमनगरात हे अर्ध्या दिवसाचं काम.

टायरचं गणितही उष्णतेचंच. गार असताना 30 पीएसआय भरलेली हवा 27 अंशांवरून 77 वर गेली की 37 च्या आसपास जाते आणि टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो. म्हणून हवा गार असताना कमी भरायची, फेऱ्या मारून आल्या आल्या मोजायची. रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), हेल्मेट, बेल्ट यांत काटकसर नको. केज एफएमएससीआय या देशातल्या मोटर रेसिंगच्या संस्थेच्या नियमाप्रमाणंच करून घ्या, ओळखीच्या वेल्डरच्या अंदाजानं नको.

एक्झॉस्ट अजून जुनाच आहे. चिरा गेलेली डिस्क मेस्त्रींनी भंगारात घातली नाही. गॅरेजातल्या टेबलावर ती पालथी ठेवलीय, आणि चहाचं गरम पातेलं तिच्यावर टेकवतात.