पिस्टन आधी की हेड?

कोकणात जुन्या जिप्सीवर जीव असलेली माणसं कमी नाहीत. इंजिन उतरवायची वेळ आली की बहुतेकांच्या मनात येतं, उघडलंच आहे तर पिकअपही वाढवून घेऊ. मग पहिली ऑर्डर जाते ती उंच डोक्याच्या, मिश्रण जास्त दाबणाऱ्या ‘हाय कॉम्प्रेशन’ पिस्टनची. माझं म्हणणं असं की ही ऑर्डर सगळ्यात शेवटी जायला हवी.

जिप्सीसारख्या टर्बो नसलेल्या इंजिनात हवा ढकलणारं यंत्र नसतं. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमधला दाब उतरतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आत लोटतो. समुद्रसपाटीला हा दाब साधारण 101 किलोपास्कल असतो. महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटरवर, तो पंधरा टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे किनाऱ्यावरच्या इंजिनाला हवेचा दाब पुरेपूर मिळतो, पण ती हवा गरम आणि दमट असते. मे महिन्यात तापमान 33 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर हवेतली सुमारे चार टक्के जागा पाण्याच्या वाफेनेच अडवलेली असते. 15 अंशांच्या कोरड्या हवेशी तुलना केली तर सिलिंडरला ऑक्सिजन जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी मिळतो. ऑक्सिजन जेवढा, तेवढंच पेट्रोल नीट जळणार. त्यामुळे आहे ती हवा जास्तीत जास्त आत कशी येईल, हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर हेडमध्ये, म्हणजे हवेच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेल्या, सिलिंडरवरच्या झाकणात आहे.

पोर्ट, म्हणजे हेडमधली हवेची वाट, मोठा केला की हवा जास्त येते, हा समज फार पसरलेला आहे. हवेलाही वजन असतं आणि वेगही. पिस्टन तळाशी जाऊन परत वर निघाला तरी वेगात असलेली हवा काही क्षण आत येतच राहते, कारण इनटेक व्हॉल्व्ह तेव्हा अजून उघडाच असतो. पोर्ट अवाजवी रुंद केला की हा वेग मरतो, आणि कमी आरपीएमला (मिनिटाला कमी फेरे असताना) गाडी मंद होते. घाटात आणि चिखलात चालणाऱ्या गाडीसाठी हे नुकसान मोठं आहे. त्यापेक्षा पोर्टच्या आतल्या ओतकामाच्या धारा घासून काढा, पोर्ट आणि मॅनिफोल्डची (पोर्टपर्यंत हवा आणणाऱ्या नळांची) तोंडं जुळवून घ्या आणि व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, तीन कोनांत कापून घ्या. मधला 45 अंशांचा कोन व्हॉल्व्ह बसण्यासाठी, बाजूचे 30 आणि 60 अंशांचे कोन हवेला वळण देणारे. एवढ्यावरच बराच फरक पडतो.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते. जिप्सीच्या 1,298 सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 75.5 मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे 324.7 सीसी. कॉम्प्रेशन रेशो 9 हवा असेल तर पिस्टन वर टेकल्यावर उरणारी जागा 40.6 सीसी लागते. 10 हवा असेल तर 36.1. फरक साडेचार सीसीचा, चहाच्या एका चमच्याहूनही कमी! आणि त्यातून मिळतं काय? आदर्श गणितात कार्यक्षमता 58.5 टक्क्यांवरून 60.2 टक्क्यांवर जाते, म्हणजे ताकद तीनेक टक्क्यांनी वाढते. हा फायदा खरा आहे आणि घ्यावाही, पण त्यासाठी आधी मोजमाप लागतं.

मोजायची रीत सोपी आहे. हेड पालथं ठेवून व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसवायचे. चेंबरच्या, म्हणजे मिश्रण जळतं त्या हेडमधल्या खळग्याच्या, कडेला ग्रीसचा पातळ थर लावून त्यावर छोटं भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबायची आणि ब्युरेटमधून (खुणा असलेल्या काचेच्या नळीतून) रॉकेल किंवा स्पिरिट सोडायचं. शेवटचा बुडबुडा भोकाशी येऊन निघून गेला की आकडा वाचायचा. चारही चेंबर मोजायचे. एखादा वेगळा निघाला तर तिथेच दुरुस्ती करायची. या आकड्यात गॅस्केटची, म्हणजे हेड आणि सिलिंडरच्या मधल्या पातळ थराची, जागा मिळवायची. दाबल्यावर एक मिलिमीटर उरणारं गॅस्केट या बोअरवर 4.3 सीसी घेतं, म्हणजे रेशोचा जवळजवळ एक अख्खा आकडा.

किनाऱ्यावर हे मोजणं टाळून चालतच नाही. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचं साधं पाणी घालायची सवय जुनी आहे. त्याने ॲल्युमिनियमचं हेड पाण्याच्या वाटांभोवती खात जातं, गॅस्केट बसायची जागा खड्ड्याखड्ड्यांची होते आणि प्रत्येक कामाला हेड फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला, जातं. अर्धा मिलिमीटर उतरवलं की चेंबरचे दीड-दोन सीसी गेले. अशा हेडखाली उंच डोक्याचा पिस्टन घातला तर कागदावरचा 10 प्रत्यक्षात 11 होऊन बसतो. शिवाय हेड क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) जवळ आल्यामुळे टायमिंग बेल्टवरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमही किंचित मागे पडतो.

मग नॉकिंग सुरू होतं. प्लगपासून निघालेली ज्योत पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, आणि तो टणटण आवाज येतो. आंब्याच्या पेट्या लादून भर दुपारी साखरप्यावरून आंबा घाट चढायला घेतला, आरपीएम कमी आणि पाय पूर्ण दाबलेला, की आपल्या भागातली सगळ्यात कठीण परीक्षा होते. दमट हवेमुळे नॉकिंग थोडं दबतं, पण गरम हवा ते वाढवते. रिंगांच्या खाचांमधली बारीक भिंत यातच तुटते. रेशो घाटाच्या पायथ्यासाठी ठरवावा; माथ्यावर हवा विरळ असते, तिथे सगळीच इंजिनं शहाण्यासारखी वागतात. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं, 95 ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखायची क्षमता) पेट्रोल मिळतं, हे इथे मदतीला येतं. मात्र इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) थोडे मोठे करावे लागतात आणि जुन्या रबरी नळ्या बदलाव्या लागतात. मूळ कॅमवर, मोजलेल्या चेंबरसह, मी साडेनऊ ते दहाच्या पुढे जाणार नाही.

आता पिस्टन. तोच रेशो लहान चेंबर आणि सपाट पिस्टनने मिळत असेल तर तो मार्ग घ्यावा. उंच डोकं ज्योतीच्या आड येतं. पिस्टनचा सपाट कडेचा भाग आणि हेड यांत वरच्या टोकाला सुमारे एक मिलिमीटर अंतर राहिलं, तर मिश्रण जोराने प्लगकडे फेकलं जातं, ज्वलन लवकर संपतं आणि नॉकिंगला जागा कमी उरते. धातूचं म्हणाल तर 6,000 आरपीएमला 300 ग्रॅमचा पिस्टन वरच्या टोकाला साधारण 600 किलोच्या ओढीने थांबवला जातो, आणि आरपीएमच्या वर्गाच्या पटीत ही ओढ वाढते. तरीही 6,000 पर्यंत चांगला ओतीव पिस्टन पुरतो. त्यापुढे जायचं असेल तर सुमारे 12 टक्के सिलिकॉन असलेला फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन रोजच्या गाडीला सोयीचा. तो तापल्यावर फार फुगत नाही, म्हणून बोअरमध्ये जास्त फट ठेवावी लागत नाही. सिलिकॉन जवळजवळ नसलेला फोर्ज्ड पिस्टन मार जास्त सोसतो, पण फट मोठी लागते आणि थंड इंजिन सकाळी खडखडतं.

ऑर्डर देण्यापूर्वी आहे त्या पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची वडी ठेवा, जुनं गॅस्केट घालून हेड आवळा, व्हॉल्व्ह सेटिंग करून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि हेड काढून वडी मधोमध कापा. व्हॉल्व्हच्या ठशाखाली इनटेकला दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर माती उरायला हवी. नव्या पिस्टनला व्हॉल्व्हच्या खाचा किती खोल हव्यात, ते याच मापावरून सांगा.