पाटे वाढवले म्हणून पिकअपची भारक्षमता वाढत नाही

‘मागे जादा पाटे टाका किंवा एअर स्प्रिंग बसवा, मग कितीही जड कॅम्पर खुशाल चढवा,’ हा सल्ला पिकअपवाल्यांना वर्षानुवर्षे दिला जातो. (पाटे म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, एअर स्प्रिंग म्हणजे हवा भरलेली रबरी उशी, आणि कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यावर चढवायची राहण्याची खोली.) तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

स्प्रिंग बदलल्याने बसलेली मागची बाजू वर येते, वळणावरचं झुकणं कमी होतं. हा फायदा खरा आहे. पण भार शेवटी पेलतात ते अ‍ॅक्सल (चाकांचा आस), बेअरिंग, रिम, टायर आणि चासी (गाडीचा सांगाडा). थांबवतात ते ब्रेक. यातलं काहीच बदललेलं नसतं. कंपनीने ठरवलेलं कमाल एकूण वजन तेवढंच राहतं. उलट गाडी सरळ उभी दिसते म्हणून जादा भार लक्षातच येत नाही.

एअर स्प्रिंगबाबत तर विशेष जपायला हवं. पाटा चासीला पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी भार देतो. एअर स्प्रिंग तो अ‍ॅक्सलच्या वर एकाच जागी रेटते. कॅम्परचं वजन अ‍ॅक्सलच्या मागे लोंबत असेल, तर खड्ड्यात आपटताना चासी केबिनमागे वाकू शकते. अशा चासी खरोखर वाकल्या आहेत. शिवाय पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंगची पकड जाते, ती वेगळीच.

कॅम्परच्या माहितीपत्रकातलं वजन बहुधा रिकाम्याचं असतं. ८० लिटर पाणी म्हणजे सरळ ८० किलो; गॅस, बॅटरी, सामान, माणसं वेगळी. म्हणून सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला. आकडा मर्यादेबाहेर गेला तर हलका कॅम्पर घ्या, नाहीतर मोठी गाडी.